नो मॅन्स स्काय प्रकरण

नो मॅन्स स्काय प्रकरण : ‘नो मॅन्स स्काय’ या अंतराळात ग्रह धुंडाळण्याच्या व्हिडिओ गेमच्या जाहिरातीने वाढवलेल्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष हाती पडलेला खेळ यांतील तफावतीवरून २०१६ मध्ये खेळाडूंत उसळलेला रोष. याच गेमला २०२० मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’चा सातत्याने चालू असलेल्या सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे फसगत आणि भरपाई अशा दोन्हींचे उदाहरण म्हणून हे प्रकरण सांगितले जाते.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हेलो गेम्स’ या लहानशा स्टुडिओने डिसेंबर २०१३ मध्ये गेमची घोषणा केली. जून २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ई-थ्री’ या व्हिडिओ गेमांच्या प्रदर्शनात तो सोनीच्या मंचावर झळकला आणि मोजक्याच जणांच्या कामाला बड्या कंपनीच्या जाहिरातीचे बळ मिळाले. रोषाचा आरंभ सामान्यतः ऑगस्ट २०१६ पासून, म्हणजे प्रकाशनापासून धरतात. मात्र मे २०१६ मध्ये प्रकाशन काही आठवडे लांबले तेव्हाच स्टुडिओचे संस्थापक शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. तेव्हा खेळ कोणी खेळलेलाही नव्हता, हे ध्यानात घेता आरंभ थोडा मागे नेणे योग्य ठरेल.

जाहिरातीचा कणा होता ग्रहांची संख्या : दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. परार्धाच्या (एकावर सतरा शून्ये) मापाने हे सुमारे १८४ परार्ध होतात. (बुद्धिबळाच्या पटावर दर घराला दुप्पट दाणे ठेवण्याच्या गोष्टीत जी बेरीज येते, तिच्यात एक मिळवला की हाच आकडा.) यांतला एकही ग्रह साठवून ठेवलेला नसतो. चौसष्ट बिटांचे (शून्य वा एक अशा चौसष्ट अंकांचे) एक बीजमूल्य, म्हणजे आरंभीची संख्या, सूत्रांत घातले की भूभाग, वनस्पती, प्राणी जागच्या जागी तयार होतात. बीज तेच असल्यास ग्रहही तोच निघतो; म्हणून दोन खेळाडू वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच ग्रहावर उतरू शकतात. आकडा खराच होता, पण घटक मोजके असल्याने दहा-वीस ग्रहांनंतर तेच ते दिसू लागे. ट्रेलरमधील झाडे मोडत धावणारी महाकाय जनावरे तर अनेकांना भेटलीच नाहीत.

खरा वाद पेटला तो दोन खेळाडू एकमेकांना दिसतील का, या प्रश्नावर. प्रकाशनापूर्वीच्या मुलाखतींतून मरे यांच्या उत्तराचा आशय असा असे : शक्य आहे, पण विश्व इतके अफाट की गाठ पडणे दुरापास्त. प्रकाशनाच्या तोंडावर त्यांनी हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम नव्हे, असे जाहीर केले. पण गेम बाजारात आला त्याच दिवशी दोघे जण ठरवून एका ग्रहावरच्या एकाच ठिकाणी पोहोचले. दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसला नाही. युरोपातील मर्यादित आवृत्तीच्या खोक्यांवर वयोगटाच्या चिन्हाशेजारी स्टिकर होते. ते सोलले की खाली ऑनलाइन खेळाचे चिन्ह निघे.

यावरून एक मत असे की फसवणूक जाणूनबुजून झाली. दुसऱ्या मतानुसार काम करता करता योजना गळत गेल्या आणि ते वेळेवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण गळालेल्यांपैकी बरेच काही पुढे खरोखरच भरून काढले गेले. अर्थात स्टिकरचा खुलासा त्याने पुरता होत नाही. ‘दुर्मीळ’ आणि ‘अशक्य’ यांतला फरक मात्र वेळीच स्पष्ट झाला नाही.

संगणकावरील गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन मंचावर आरंभी एका वेळी दोन लाखांहून अधिक खेळाडू होते. काही आठवड्यांतच ते काही हजारांवर आले. पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तेवीस तक्रारी गेल्या. ग्रह सूत्राने घडत असल्याने प्रत्येकाला वेगळे दिसणारच, असे मानून प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नाहीत, असा निर्वाळा दिला.

एव्हाना स्टुडिओने मौन धरले होते. ते नोव्हेंबर २०१६ मधील ‘फाउंडेशन’ या मोफत अपडेटने सुटले. ऑगस्ट २०१७ च्या ‘ॲटलस राइजेस’मध्ये खेळाडू एकमेकांना तरंगत्या प्रकाशगोलांच्या रूपात दिसू लागले. त्या गोलांना हातपाय फुटले ते जुलै २०१८ च्या ‘नेक्स्ट’मध्ये.