क्लॉड कोड सतत परवानगी मागतो? यादीत नुसतं 'बॅश' लिहिण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून क्लॉड कोडचा, म्हणजे अँथ्रॉपिकच्या कोड लिहिणाऱ्या आणि कमांड चालवणाऱ्या एआय एजंटचा, सेटअप करून घेतलेल्या टीम्ससाठी)

सेटअप झाला की पहिल्याच आठवड्यात फोन येतो, "अहो, हा प्रत्येक गोष्टीला विचारतोय. आम्ही कामं कधी करायची?" थोड्या दिवसांनी दुसरा फोन येतो आणि तो जास्त घाईचा असतो. मधल्या काळात कुणीतरी वैतागून सेटिंग्जच्या फाइलीत 'अलाऊ'खाली, म्हणजे न विचारता चालवायच्या गोष्टींच्या यादीत, नुसतं 'बॅश' लिहून टाकलेलं असतं.

नुसतं 'बॅश' म्हणजे टर्मिनलमधली वाटेल ती कमांड, न विचारता. त्यात टेस्ट चालवणं आलं, तसंच मेन ब्रँचवर फोर्स पुश करणं (सगळ्यांच्या मुख्य कोडवर आपला कोड जबरदस्तीने चढवणं) आणि मायग्रेशन रीसेट करून डेटाबेस रिकामा करणंही आलं. यावर ठरलेला प्रश्न असतो, "पण पासवर्ड-टोकनांची डॉट-एनव्ह फाइल तर 'डिनाय'मध्ये, म्हणजे मनाईच्या यादीत, आहे ना?" आहे. त्या नियमामुळे क्लॉड कोड ती फाइल स्वतः उघडत नाही, 'कॅट'सारख्या ओळखीच्या कमांडनेही वाचत नाही. पण डेटाबेसचं कनेक्शन का तुटतंय हे शोधताना त्याने चार ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि त्या स्क्रिप्टनेच फाइल उघडली, तर नियम तिथवर पोचत नाही. एरवी ती स्क्रिप्ट चालवण्याआधी त्याने तुम्हाला विचारलं असतं. 'बॅश' मोकळं केल्यावर तेही गेलं. अशा वाटा खरोखर बंद करायच्या तर सँडबॉक्स, म्हणजे कमांडला ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारं कुंपण, लागतो. तो मॅक आणि लिनक्सवर चालतो, विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) चालतो.

याचंच एक सभ्य दिसणारं रूप म्हणजे 'एनपीएम रन'पुढे फुली (*, म्हणजे 'पुढे काहीही') घालून पॅकेज-जेसन फाइलीतल्या सगळ्या स्क्रिप्ट्सना एकदम परवानगी देणं. ती फाइल क्लॉड कोड स्वतः बदलू शकतो, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. फाइलबदल आपोआप मान्य करणारा मोड चालू असेल, तर नवी स्क्रिप्ट तोच लिहिणार आणि न विचारता तोच चालवणार. 'पायथन' किंवा 'एनपीएक्स'पुढची फुलीही त्याच माळेतली, त्यांनीही वाटेल तो कोड चालतो.

म्हणून आमच्या यादीत पूर्ण नावं असतात: अमुक टेस्ट, अमुक लिंट, अमुक बिल्ड, गिट कमिट. गिट पुश आणि मायग्रेशन 'आस्क'मध्ये, म्हणजे दर वेळी विचारूनच. गुपितांच्या फाइली 'डिनाय'मध्ये. यादी कडक आहे अशी कुरकुर आमच्या कानावर येते. पण जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एआय एजंटने कोड फ्रीझ (कोडबदलांवर बंदी) चालू असताना एका ग्राहकाचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसला होता. एजंटला 'काही बदलू नकोस' असं बजावलेलं होतं. चॅटमध्ये दिलेली ताकीद आणि फाइलीत लिहिलेला नियम यांत हा फरक आहे, आणि आम्ही पैसे घेतो ते फाइलीतल्या नियमाचे.

विचारणा कमी करायचीच असेल तर आधी एक दिवस नेहमीसारखं काम करा आणि कोणत्या कमांडला वारंवार विचारलं जातं ते टिपून ठेवा. बहुतेक वेळा त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात. तेवढ्याच जोडा. कमांडसमोर 'पुन्हा विचारू नकोस' हा पर्याय निवडलात, तर ती परवानगी त्या प्रोजेक्टसाठी कायमची नोंदली जाते, हेही लक्षात असू द्या. आज काय काय मोकळं आहे ते 'स्लॅश परमिशन्स' टाइप केल्यावर दिसतं. महिन्यातून एकदा तिथे नजर टाका, आपणच कधी काय मान्य केलं होतं ते पाहून चकित व्हाल.

"अलाऊमध्ये लिहिलं तरी चालत नाही" अशीही तक्रार येते. नियम आधी 'डिनाय', मग 'आस्क', मग 'अलाऊ' या क्रमाने पाहिले जातात. 'डिनाय'मध्ये सगळे गिट पुश अडवून 'अलाऊ'मध्ये फक्त डेव्ह ब्रँचला सूट दिली, तर ती सूट लागू होत नाही. तिथे 'डिनाय'ऐवजी 'आस्क' वापरा; मग डेव्हसाठीही दर वेळी विचारणा होईल, पण पुश अडणार नाही.

टीमसाठीचे नियम प्रोजेक्टच्या सेटिंग्ज फाइलीत, गिटमध्ये. वैयक्तिक आवडीनिवडी लोकल फाइलीत. सगळ्या परवानग्या वगळणारा 'डेंजरसली' नावाचा पर्याय आम्ही बंद करूनच देतो. तो हवाच असेल तर क्लॉडशी जोडणी सोडून बाकी इंटरनेट बंद असलेला वेगळा कंटेनर (तुमच्या मशीनपासून अलग ठेवलेली जागा) उभारून देऊ, त्याचा खर्च वेगळा.

सेटअपनंतरच्या पहिल्या महिन्यात यादीत भर घालून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. वार्षिक करारात दर तिमाहीला लोकल फाइलींसकट तपासणी होते. फोन करण्याआधी प्रोजेक्टची आणि लोकल अशा दोन्ही सेटिंग्ज फाइली ईमेलने पाठवा, पासवर्ड आणि टोकन काढून. अडलेली कमांडही जशीच्या तशी कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, त्यातला स्पेस आणि फुली वाचता येत नाही.