सामूहिक वनहक्काचा दावा: खान्देशातल्या गावांनी फॉर्म सी कसा भरावा

सातपुड्याच्या पट्ट्यात वनहक्क म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो कसत असलेल्या जमिनीचा दावा. तो फॉर्म ए. पण २००६ च्या याच वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(आय) ने गावाला आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी फॉर्म सी भरावा लागतो. चराई, मासेमारी, मोह-टेंबरू-चारोळी गोळा करणं हे वापराचे हक्क फॉर्म बी मध्ये येतात. दोन्ही दावे सोबतच करावेत. नुसता बी भरला तर मोह वेचण्याचा हक्क मिळतो, पण जंगल कसं राखायचं हे ठरवण्याचा हक्क मागायचा राहून जातो.

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नाही. धडगाव-अक्कलकुव्यात एका पंचायतीत दूरदूरचे पाडे येतात, म्हणून हा फरक नीट धरून ठेवावा. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात, तिथल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याप्रमाणे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. वन विभागाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती गावात असली, तरी हा दावा तिच्या नावावर होत नाही.

पात्रतेची अट तशी सोपी आहे. गावात अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी माणसं हवीत. ती थोडीच असली तरी दावा करता येतो, असं फॉर्ममध्येच म्हटलं आहे. इतर पारंपरिक वननिवासी म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून जंगलावर जगणारे. जंगल राखीव असो, संरक्षित असो की यावलसारखं अभयारण्य, दावा करता येतो.

सुरुवात ग्रामसभेत वनहक्क समिती निवडून होते. समितीत १० ते १५ जण असतात. दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. पावरा, भिल्ल, कोकणा घरांतले बरेच जण ऊसतोडीला गेलेले असतात, तेव्हा सभा ते परतल्यावर घ्यावी. गणपूर्तीवाचून झालेला ठराव पुढे टिकत नाही.

खरं काम शिवेवरचं आहे, आणि माझ्या मते दाव्याचा जीव त्यातच आहे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन शीव चालून यावी. कुठला नाला, कुठली टेकडी, वाघदेवाची जागा, गुरांचं पाणी, कंदमुळं आणि रानभाज्यांचं रान, स्मशान, या सगळ्या खुणा नकाशावर घ्याव्यात आणि वन विभागाचे कंपार्टमेंट नंबर (जंगलाच्या तुकड्यांचे क्रमांक) शेजारी लिहावेत. या खुणाच नियमांनुसार पुरावा धरल्या जातात. जोडीला गॅझेटियर, जुने नकाशे, निस्तारपत्रक (गावाच्या वापरहक्कांची नोंद), वन विभागाच्या कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचे आराखडे) आणि ज्येष्ठांचे लेखी जबाब. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे लागतात, म्हणून कागद सापडला तरी जबाब घ्यायचेच. उपग्रह नकाशा पूरक असतो. तो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. नकाशे, मतदारयाद्या आणि कोरे फॉर्म प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीने गावाला मोफत द्यायचे असतात.

शेजारच्या गावाचं जंगल एकमेकांत गेलेलं असतं. तिथे दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर कसा वाटायचा ते लिहून घ्यावं. नाहीच जमलं तर विषय उपविभागीय समितीकडे जातो. साक्री-धुळ्याकडे ठेलारी मेंढपाळ वाड्यासह, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन, येऊन चारतात. त्यांचे दावे ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच पडताळायचे असतात. त्यांना वगळून केलेला नकाशा अपुरा, आणि अन्यायाचाही.

पडताळणीची लेखी सूचना वन आणि महसूल दोघांना द्यावी व पोच घ्यावी. त्यांनी येऊन पंचनाम्यावर पद, तारीख, शेरा लिहून सही करायची असते. ते आले नाहीत आणि पुढे त्याच कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही पोच म्हणूनच जपून ठेवायची.

ठरावानंतर दावा प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेच्या आणि उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. अपुरा वाटलेला दावा परस्पर फेटाळायचा नसतो, ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, तोही लेखी कारणांसह. २०२० पासून अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील आहे. आपल्यासाठी ती नाशिकला.

अधिकारपत्र आलं की क्षेत्र आणि सीमा आपल्या नकाशाशी ताडून पाहाव्यात, आणि वन व महसूल अभिलेखांत नोंद झाल्याची प्रत मागावी. ती नोंद तीन महिन्यांत व्हायला हवी. मग ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून आराखडा करायचा. वनोपजाचे वाहतूक परवानेही हीच समिती देते. आराखडा करायला बसण्याआधी साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून यावं. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली ती जंगल राखण्याच्या कामासाठी, आणि तिथे जंगल राखण्याचे नियम गावानेच ठरवले आहेत.