‘वॉरफ्रेम’मधला डॅमेज : बेरीज कुठे, गुणाकार कुठे

‘वॉरफ्रेम’ या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये रायफलीवर ‘सेरेशन’ हे मॉड, म्हणजे शस्त्राची ताकद वाढवणारं कार्ड, पूर्ण वाढवून लावलं की डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, १६५ टक्क्यांनी वाढतो. जोडीला ‘हेवी कॅलिबर’ लावलं, तेही १६५ टक्क्यांचंच. मूळ डॅमेज १०० असेल तर आता किती? टक्क्यांवर टक्के चढवले तर सातशेच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात होतो ४३०.

या हिशेबाची मुळं फाशांच्या खेळात आहेत. १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जादूची तलवार हाती असली की फाशाच्या दानात एक मिळवायचा, संपलं. टक्केवारी रुळली ती ‘डायाब्लो’सारख्या कॉम्प्युटर गेममुळे. ‘डायाब्लो’च्याच काही कर्त्यांनी वेगळं होऊन २००७मध्ये ‘हेलगेट: लंडन’ काढला आणि त्यात हे गणित बंदुकांना लावलं. पण टक्के म्हटले की कशाचे टक्के, हे आलंच. न्यूझीलंडच्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने त्यासाठी दोन वेगळे शब्द ठरवून टाकले, एक बेरजेच्या बोनसला आणि एक गुणाकाराच्या. त्याच्याच वर्षी, २०१३मध्ये आलेल्या कॅनडातल्या डिजिटल एक्स्ट्रीम्सच्या ‘वॉरफ्रेम’ने मात्र मॉडवर नुसता अधिकचा आकडा छापला. कोणता बोनस कोणत्या गटातला, हे खेळणाऱ्यांनी गोळ्या मोजून शोधायचं!

तर गट असे. मूळ डॅमेज वाढवणारी मॉड आपसात बेरीज होतात. आग, थंडी, वीज, विष यांची मॉड त्या बेरजेवर गुणली जातात; म्हणून वरच्या ४३०वर ९० टक्क्यांचं ‘हेलफायर’ लावलं की थेट ८१७. एका विशिष्ट शत्रुगटावर चालणारी ‘बेन’ मॉड आणखी वेगळी. साध्या ‘बेन’चे ३० टक्के किरकोळ वाटतात, पण रक्तस्राव किंवा विषासारख्या रेंगाळणाऱ्या डॅमेजवर ते दोनदा लागतात आणि १.६९ पट होतात. माझ्या मते हा मुळात हिशेबातला घोटाळाच, पण आता सगळे त्याच्यावरच बिल्ड, म्हणजे मॉडांची जुळणी, बांधतात.

बेरजेचा खरा फटका २०२१मध्ये ‘सेरेशन’लाच बसला. तोवर ते नसलेली रायफल म्हणजे अर्धवट रायफल. मग ‘प्रायमरी मर्सिलेस’ हे आर्केन, म्हणजे मॉडांखेरीज शस्त्रावर लावायचं आणखी एक बळ, आलं : एकेका शत्रूला मारत बारा थर साठवले की ३६० टक्के, तेही ‘सेरेशन’च्याच गटात. आता ४६०चे ६२५ करण्यापुरतंच ‘सेरेशन’ उरलं, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. त्याच्या आकड्याला कुणी हातही लावला नव्हता.