हिल्डेब्रँडचा एक आकडा की हॅन्सनचे तीन?

टोल्युईन या सॉल्व्हंटचा (विरघळवणाऱ्या द्रवाचा) सोल्युबिलिटी पॅरामीटर, म्हणजे काय कशात विरघळेल याचा अंदाज देणारा आकडा, १८.२ आणि इथाइल असिटेटचापण १८.२ (मेगापास्कलच्या वर्गमुळात, जुन्या तक्त्यांत कॅलरीवालं युनिट असतं, तिथे हेच ८.९ दिसतं, दोघांची खिचडी करू नका). मग एकाच्या जागी दुसरं ओतलं तर चालेल ना? एनसी लॅकरचं (नायट्रोसेल्युलोजवालं फर्निचर पॉलिश) काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हसेल तो. इथाइल असिटेटमध्ये नायट्रोसेल्युलोज मस्त विरघळतं, नुसत्या टोल्युईनमध्ये ढिम्म हलत नाही.

हा १८.२ म्हणजे हिल्डेब्रँड या रसायनशास्त्रज्ञाचा आकडा. द्रवाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत ते बाष्पीभवनाच्या ऊर्जेवरून काढायचं, मोलर घनफळाने (एका मोलच्या घनफळाने) भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं, झालं. किती घट्ट ते कळतं, पण कशाने धरलंय ते नाही कळत. नॉनपोलर मंडळींत (ज्यांच्या रेणूंत विद्युतभार असमान वाटलेला नसतो) तेवढ्यावर भागतं, हायड्रोजन बाँड (हायड्रोजनमार्फत रेणूंमधली ओढ) आले की गंडतं.

हॅन्सन या संशोधकाने १९६७ मध्ये कोपनहेगनच्या थीसिसमध्ये त्याच आकड्याचे तीन भाग केले: डिस्पर्शन (सगळ्याच रेणूंमधली साधी ओढ), पोलर (असमान विद्युतभारामुळे येणारी ओढ), हायड्रोजन बाँडिंग. टोल्युईन १८.०, १.४, २.० आणि इथाइल असिटेट १५.८, ५.३, ७.२. तिघांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ घ्या, दोन्हीकडे परत १८.२ च येतो, म्हणजे बेरजेत सगळा फरक गिळला गेला होता! आता पॉलिमरच्या (इथे नायट्रोसेल्युलोजच्या) बिंदूभोवती या तीन अक्षांत एक गोल कल्पायचा, सॉल्व्हंटचा बिंदू आत पडला तर बहुधा विरघळणार (अंतर मोजताना डिस्पर्शनच्या फरकाच्या वर्गाला ४ ने गुणतात, विसरू नका).

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती मिक्श्चरची. कोलोडियन (नायट्रोसेल्युलोजचं द्रावण) घ्या, नायट्रोसेल्युलोजच्या त्या ग्रेडला एकटं इथर विरघळवत नाही, एकटं अल्कोहोलपण नाही, दोन्ही एकत्र केले की विरघळतं, कारण मिश्रणाचा बिंदू दोघांच्या मधे, गोलाच्या आत येतो.

पण थिनर बनवताना एवढ्यावर थांबू नका, कारण लॅकरचा थर (फिल्म) सुकताना तो बिंदू सरकत जातो. इथाइल असिटेट ७७ अंशांना उकळतं, टोल्युईन १११ ला, त्यामुळे हे दोनच असतील तर शेवटी टोल्युईन उरतं, नायट्रोसेल्युलोज बाहेर पडतं आणि फर्निचरवर पांढरट झाक येते. म्हणून त्यात १२६ ला उकळणारं बुटाइल असिटेट टाकतात, ते शेवटपर्यंत टिकतं.