मिरजेची तीन गेजं आणि दोन मजली रेल्वे : थोडी पार्श्वभूमी

सांगलीत आम्ही काही रेल्वेवेडे मिळून मिरज जंक्शनची प्रतिकृती बांधतोय म्हटलं की ऐकणारा कौतुकाने मान हलवतो. ती दोन मजली आहे म्हटलं की विचारतो, "मजले कशाला? जरा मोठी खोली बघा की!" त्याला मी एक भागाकार करून दाखवतो. एचओ या मापात सगळं 87 पटींनी लहान होतं. सांगली ते मिरज रुळांनी सात-आठ किलोमीटर, 87 ने भागले तरी ऐंशी-नव्वद मीटर उरतात. आताच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा एलएचबी डबा साधारण 24 मीटरचा. इंजिनासकट बावीस डब्यांची गाडी टेबलावर सव्वासहा मीटर होते. म्हणजे नुसता फलाट मांडायचा तरी घरचा हॉल पुरत नाही, मग पुढचं स्टेशन कुठे ठेवायचं? रूळ जमिनीवर मावत नाहीत म्हणून भिंतीवर चढवायचे, ही युक्ती ऐकायला सोपी वाटते. ती सुचून रुळायला या छंदाला ऐंशीएक वर्षं लागली.

सुरुवात खेळण्यांपासून आहे. 1891 साली जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीची रेल्वे मांडली. तिचे रूळ वाढवता येत आणि रुळांच्या मापांना क्रमांक दिलेले होते. धंद्याचं डोकं बघा : एकदा गाडी घेतलेला बाप दरवर्षी रूळ घ्यायला दुकानात यायलाच हवा. लंडनमध्ये 1910 साली 'द मॉडेल रेल्वे क्लब' निघाला, तोवर हा मोठ्यांचाही छंद झाला होता. पण गाडी गोल फिरून जिथून निघाली तिथेच परत यायची.

1920 च्या दशकात 16.5 मिलिमीटर रुंदीचे रूळ आले आणि रेल्वे जमिनीवरून टेबलावर चढली. एचओ म्हणजे 'हाफ ओ', जुन्या ओ मापाच्या निम्मं. अमेरिकेत 1935 साली मिलवॉकीला हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचं कारण अगदी घरगुती होतं : एका कंपनीचं चाक दुसऱ्या कंपनीच्या सांध्यातून, म्हणजे रूळ बदलायच्या जागेतून, जाईना. चाकं, रूळ, कपलिंग यांची मापं एक झाली तेव्हा कुठे चार जणांनी आपापल्या गाड्या घेऊन एका लेआउटवर, म्हणजे रुळांच्या मांडणीवर, यावं हे शक्य झालं. क्लबचं मोठं लेआउट या मापांच्या जोरावर उभं राहतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा क्लब 1946 चा. त्यांनी टेलिफोनचे जुने रिले (विजेने आपोआप फिरणारे स्विच) जोडून सांधे आणि सिग्नल चालवले. 'हॅक' हा शब्द संगणकवाल्यांच्या तोंडी रुळला त्यात या पोरांचा मोठा वाटा आहे.

मग लोकांना गोल फिरण्याचा कंटाळा आला. गाडीने कुठेतरी जावं, वाटेत क्रॉसिंगला थांबावं, मालाच्या वाघिणी सोडाव्यात असं वाटू लागलं. कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाच्या छायाचित्रकाराने तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे करून त्यांतून रूळ फिरवले. 1973 च्या जानेवारीत तो वारला आणि दहाच दिवसांत ते सगळं आगीत गेलं. त्याच दशकात भिंतीलगत फळ्यांसारखे एकावर एक मजले बांधायची पद्धत पसरली. डेक, म्हणजे हा मजला, दुप्पट केला की त्याच खोलीत रूळही दुप्पट मावतात.

मजले जोडायला हेलिक्स लागतो. हेलिक्स म्हणजे गोल जिना, फक्त पायऱ्यांच्या जागी रूळ. आमचा हिशेब असा : त्रिज्या 76 सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात पावणेपाच मीटर रूळ. दर फेऱ्याला 10 सेंटिमीटर उंची घेतली तर चढ 2.1 टक्के. वळणाचं घर्षण मिसळलं की इंजिनाला तो 3 टक्क्यांसारखा जाणवतो. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 2.7 टक्के, आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून इंजिनं लावावी लागतात. दोन मजल्यांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साडेचार फेरे, साडेएकवीस मीटर रूळ. मापाच्या हिशेबाने ताशी 40 किलोमीटरने निघालेली गाडी पावणेतीन मिनिटं दिसेनाशी होते. पाहुण्यांना वाटतं बंद पडली.

आमच्याकडे या लपलेल्या पावणेतीन मिनिटांना नाव आहे, आदर्कीचा घाट. मिरजेहून पुण्याकडे जाताना वाठारनंतर रूळ बोगद्यांतून वळसे घेत लोणंदच्या बाजूला उतरतात. म्हणून मिरज वरच्या डेकवर, लोणंद खालच्या. सॅन डिएगोच्या एका क्लबने कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी खिंडीचं लेआउट केलंय. तिथे खरा रूळच स्वतःला वळसा घालून स्वतःच्या डोक्यावरून जातो. त्यांना हेलिक्स आयता मिळाला. आपण आदर्कीवर भागवू.

मिरजच का, हे रेल्वेच्या माणसाला सांगावं लागत नाही : तिथली गेजं, म्हणजे दोन रुळांमधल्या रुंद्या. पुण्याहून मीटरगेज 1880 च्या दशकात आली, कोल्हापूरचा फाटा 1891 साली, सांगलीचा 1907 साली. 1927 साली कुर्डुवाडी-पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वे येऊन मिळाली, 762 मिलिमीटरची नॅरोगेज. 1971 च्या सुमारास पुण्याची लाइन ब्रॉडगेज झाली. लोंढ्याकडची मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. मधली वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही गेजं शेजारी शेजारी होती, आणि एका गेजवरचा माल दुसऱ्या गेजवर जायचा तर हमालांच्या पाठीवरून. प्रतिकृतीत ही गंमत छान उतरते. बार्शी लाइटचे 762 मिलिमीटर भागिले 87 म्हणजे पावणेनऊ, त्याला एन नावाच्या लहान मापाचा, 9 मिलिमीटरचा बाजारातला रूळ चालतो. मीटरगेजला 12 चा. अडचण ब्रॉडगेजची. 1676 चे खरे 19.3 व्हायला हवेत, पण सगळं जग 16.5 वर चालतं. ते परदेशी 1435 गेजचं माप आहे, आपल्या मुख्य मार्गांवर कुठेच नसलेलं. आमच्यातले दोघे यावरून अजून बोलत नाहीत. मी 16.5 च्या बाजूचा, कारण मला गाड्या चालवायच्या आहेत.

पूर्वी चालवणंच अवघड होतं. रुळाचे विजेचे तुकडे पाडायचे आणि गाडी पुढे सरकेल तसे हाताने स्विच फिरवायचे. गाड्या चार असल्या की माणसांची तारांबळ. 1990 च्या दशकात जर्मन लेन्झ कंपनीच्या रचनेवर बेतलेलं डीसीसी प्रमाण झालं : रुळात वीज सगळीकडे सारखीच, आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपल्या नावाचा हुकूम तेवढा ऐकते. त्यामुळे हेलिक्सवर मागून दुसरं इंजिन लावणं जमतं.

जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. तळमजल्याची मोठी जागा स्वस्तात मिळत होती, ती आम्ही सोडली. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. प्लायवुड फुगायला पूरच यावा लागतो असं नाही, नुसता पावसाळाही पुरतो. पहिल्या मजल्यावरची खोली लहान, म्हणून डेक दोन. मजल्यांचं खरं कारण कृष्णामाई आहे, पण ते ऐकल्यावर लोक हसतात.

सध्या काम अडलंय बार्शीच्या इंजिनापाशी. बार्शी लाइट उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने (हा पुढे विमानवाल्यांसाठी पॅराशूटही बनवू लागला) कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नको असा नेम ठेवला. म्हणून किटसन कंपनीच्या त्या ए वर्गाच्या इंजिनाला ओढणारी चाकं आठ, आणि मागे आधाराची चार. तयार मॉडेल आम्हाला कुठे मिळालं नाही. एन मापाच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा आणि वर आपलं धूड बसवायचं, एवढाच मार्ग. तोवर एकाने पुठ्ठ्याचं इंजिन करून पंढरपूरच्या वाटेवरच्या आरगच्या फलाटाला लावून ठेवलंय, मागे वारकऱ्यांचे तीन डबे. आषाढीपर्यंत ते हलवायचंय.