सर्वांत लहान काउंटी कोणती: लव्हिंग की कालावाओ?

अमेरिकेतील सर्वांत लहान काउंटी कोणती, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. एक आहे पश्चिम टेक्सासातील, न्यू मेक्सिको राज्याच्या हद्दीला लागून असलेली लव्हिंग काउंटी. दुसरी आहे हवाई राज्यातील मोलोकाई बेटावरची कालावाओ काउंटी. या गोंधळात आकड्यांनीही भर घातली आहे, कारण २०१०च्या जनगणनेत लव्हिंगमध्ये ८२ माणसे नोंदली गेली आणि २०२० मध्ये नेमका तोच आकडा कालावाओच्या वाट्याला आला. त्याच २०२०च्या गणनेत लव्हिंग ६४ वर उतरली होती. म्हणजे लोकसंख्येच्या यादीत तळाशी लव्हिंग आणि तिच्या लगेच वर कालावाओ.

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. समजण्यापुरती तिची तुलना आपल्याकडील जिल्ह्याशी करता येते. मात्र तेथील शेरीफसारखे (शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख) अधिकारी सरकार नेमत नाही, तर बहुधा स्थानिक मतदारच निवडून देतात. या दोन काउंट्यांपैकी एक या बाबतीत अपवाद आहे, पण त्याविषयी नंतर.

आधी क्षेत्रफळ पाहू. लव्हिंग आकाराने लहान मुळीच नाही. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. कालावाओची जमीन मात्र जेमतेम ३१ चौरस किलोमीटर भरते, आणि जमिनीच्या हिशेबाने तिच्याहून लहान काउंटी अमेरिकेत नाही. ‘जमिनीच्या हिशेबाने’ हे शब्द गाळता येत नाहीत, कारण तिच्या हद्दीत येणारा समुद्र धरला तर हाच आकडा १३७ चौरस किलोमीटरच्या आसपास जातो आणि मग व्हर्जिनियातील आर्लिंग्टन काउंटी तिच्यापेक्षा लहान ठरते. तेव्हा माणसे मोजायची असतील तर उत्तर लव्हिंग आणि जमीन मोजायची असेल तर उत्तर कालावाओ. घनता काढली की चित्र आणखी बदलते: लव्हिंगमध्ये सुमारे २७ चौरस किलोमीटरमागे एक माणूस राहतो, तर कालावाओत दर चौरस किलोमीटरला अडीचहून अधिक माणसे येतात. ‘सर्वांत ओसाड’ हे विशेषण कालावाओला लावणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

माणसे इतकी कमी का, याची कारणे दोन्हीकडे अगदी वेगळी आहेत. लव्हिंग हा कोरडा, झुडपाळ, जवळपास सपाट मुलूख आहे. पश्चिमेच्या हद्दीवरून पेकॉस नदी वाहते, पण तिचे पाणी खारट आहे. मेंटोन या मुख्यालयाच्या गावातही पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे बाहेरून वाहून आणावे लागे. काउंटीचे नाव ज्याच्यावरून पडले तो ऑलिव्हर लव्हिंगसुद्धा येथे राहणारा नव्हता. पेकॉसच्या काठाने गुरांचे मोठे कळप उत्तरेकडे हाकत नेणारा तो व्यापारी १८६७ मध्ये कोमांची लोकांच्या हल्ल्यात जखमी झाला आणि त्या जखमेनेच वारला. १८८७ मध्ये आखलेली ही काउंटी १८९३ मध्ये कारभारास लागली, १८९७ मध्ये मोडली गेली, आणि खनिज तेल सापडल्यावर १९३१ मध्ये पुन्हा उभी राहिली. दोनदा स्थापन झालेली टेक्सासातील ही एकमेव काउंटी होय. १९४० मध्ये तेथे २८५ माणसे होती. पुढे तेल निघत राहिले, पण तेल काढायला तेथे घर बांधून राहावे लागत नाही. मुलांची शाळाही १९७०च्या दशकापासून शेजारच्या काउंटीतील विंक गावी आहे.

कालावाओत माणसे आपणहून आली नव्हती, त्यांना तेथे पाठवले गेले होते. मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावर शेकडो मीटर उंचीचे कडे थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या पायथ्याशी, नंतरच्या एका ज्वालामुखीच्या लाव्ह्याने तयार झालेले कालाउपापा हे सपाट द्वीपकल्प जिभेसारखे बाहेर आले आहे. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला कडा, अशी ही जागा स्वतंत्र हवाई राज्याच्या सरकारने कुष्ठरुग्णांना अलग ठेवण्यासाठी निवडली. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत तसा कायदा झाला आणि जानेवारी १८६६ मध्ये रुग्णांची पहिली तुकडी पूर्वेकडील कालावाओ किनाऱ्यावर उतरवण्यात आली. पुढील शंभर वर्षांत सुमारे ८,००० माणसे येथे आली. १८७३ मध्ये आलेले बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन स्वतःही याच रोगाने १८८९ मध्ये वारले. वस्ती नंतर द्वीपकल्पाच्या कोरड्या, पश्चिम बाजूच्या कालाउपापा गावी सरकली. म्हणून काउंटीचे नाव एका गावाचे आणि वस्ती दुसऱ्या गावात, असा आणखी एक लहानसा घोटाळा येथे आहे. सक्तीचे विलगीकरण १९६९ मध्ये संपले, तरी ज्यांचे सारे आयुष्य तेथे गेले होते त्यांना तेथेच राहण्याची मुभा मिळाली. २००० मध्ये १४७, २०१० मध्ये ९० आणि २०२० मध्ये ८२ ही उतरती संख्या त्या पिढीच्या सरण्याची आहे, आणि आज तेथे राहणाऱ्यांत आरोग्य खात्याचे व राष्ट्रीय उद्यान विभागाचे कर्मचारीच अधिक आहेत.

कारभाराचा फरक याच इतिहासातून आला. मेंटोनमध्ये १९३५ साली बांधलेले न्यायालय आहे आणि निवडून आलेला शेरीफ आहे. मतदारयादीतील नावे जनगणनेतील माणसांपेक्षा जास्त भरतात, त्यामुळे खरा रहिवासी कोण, हा वाद तेथे अधूनमधून पेटतो. कालावाओला मात्र निवडून आलेले काउंटी सरकारच नाही. तिचा कारभार राज्याचे आरोग्य खाते पाहते आणि शेरीफही तेच खाते नेमते.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. २०२० मध्ये व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून अमेरिकेच्या जनगणना विभागाने राज्यांच्या एकूण लोकसंख्येखेरीज खालच्या पातळ्यांवरील आकड्यांत हेतुपुरस्सर थोडा फेरफार केला. लाखांच्या वस्तीत हा फेरफार जाणवत नाही. ६४ किंवा ८२ माणसांच्या काउंटीत मात्र दोन-चारांचा फरकही मोठा ठरतो. शिवाय लव्हिंगच्या तेलक्षेत्रात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहून राबणारे शेकडो कामगार आपला कायमचा पत्ता दुसरीकडचा सांगतात, त्यामुळे ते या गणनेत येतच नाहीत. कालावाओत याच्या उलट, कोणी यावे हेच परवानगीवर ठरते, आणि सोळा वर्षांखालील मुलांना तर पाहुणे म्हणूनही प्रवेश मिळत नाही.