‘लहान आहे, विसरेल’ : मुलांच्या मनावरच्या आघाताची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, करमाळा, मोहोळकडच्या गावांत शिरलं. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले ते घरांचे, जनावरांचे, पिकांचे. पण अशा पुरानंतर एखादं पोर आभाळ भरून आलं की दप्तर आवरून दाराशी बसतं, एखादं शाळेत जायच्या वयात पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. घरात कोणीतरी दृष्ट काढतं, कोणी म्हणतं, ‘धसका घेतलाय, लहान आहे, विसरेल.’ म्हणणाऱ्याची माया खरी असते. समज मात्र चुकीची आहे, आणि ती चूक कळायला जगाला बराच काळ लागला.

निराधार मुलांना आसरा देण्याचं काम सोलापूर जिल्ह्यात फार लवकर सुरू झालं. पंढरपुरात सोडून दिल्या जाणाऱ्या अर्भकांसाठी १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं आणि पुढे प्रार्थना समाजाने ते सांभाळलं. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. पोराला अन्न, छप्पर आणि अक्षरओळख मिळाली की भागलं, अशी त्या काळाची समजूत होती. जीव वाचवणं हेच इतकं मोठं काम होतं की त्या माणसांना दोष देता येत नाही.

दोष द्यावा असा इतिहासही याच जिल्ह्यात आहे. गुन्हेगार जमाती कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इंग्रज सरकारने सोलापूर शहरात तारेच्या कुंपणाआड ठेवलं. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची मुभा त्या कायद्यात होती, आणि सुधारणेच्या नावाखाली ती योग्य मानली जात होती. कायदा गेला १९५२ मध्ये.

तोडण्याने नेमकं काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये दिसलं. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक बॉम्बहल्ल्यांच्या काळात मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. भोवती बॉम्ब पडत असूनही आईजवळ असलेली मुलं त्यामानाने सावरत होती. सुरक्षित गावी, पण आईविना पाठवलेली मुलं अधिक कोलमडत होती. १९५१ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने मायेच्या माणसाची ही गरज सरकारांपुढे मांडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात मोलाची शिकवण हीच आहे. नंतरच्या उपचारपद्धती तिच्यावरच उभ्या राहिल्या.

‘विसरेल’ या समजुतीला खरा तडा गेला तो १९७६ नंतर. कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी २६ मुलांसह शाळेची बस पळवली गेली आणि मुलांना जमिनीत पुरलेल्या वाहनात डांबलं गेलं. सगळी जिवंत सुटली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला. मुलं काहीच विसरली नव्हती. तोंडाने न सांगितलेली भीती त्यांच्या खेळात येत होती: तोच प्रसंग, पुन्हा पुन्हा, आणि खेळात असावी ती मजा त्यात नाही. १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकेच्या निदानसूचीत जागा मिळाली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळे निकष यायला मात्र २०१३ उजाडलं.

मधल्या काळात आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणलं गेलं. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. मनाची काळजी मदतकार्याचाच भाग असावी, हा विचार भोपाळच्या वायुगळतीनंतर देशात सुरू झाला होता. २००१ चा गुजरात भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं.

घटनेनंतर लगेच मुलाला बसवून ‘काय काय झालं ते सगळं सांग’ म्हणणं आता टाळलं जातं. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढाच प्रथमोपचार. नेहमीची शाळा, नेहमीची जेवणाची वेळ, ओळखीचं माणूस जवळ. त्रास टिकला तर पालकांना बरोबर घेऊन केली जाणारी आघात-केंद्रित वर्तनोपचारपद्धती आहे. ती साधारण १२ ते १६ बैठकांची असते, आणि आठवणीला तिथे हळूहळू, मुलाच्या चालीने हात घातला जातो.

कायदाही त्याच वाटेने आला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत; २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय.

सोलापुरात आणखी एका गोष्टीचं भान हवं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. शाळेत मराठी फाडफाड बोलणारं पोर भीती सांगताना घरच्या भाषेतच सांगेल. समुपदेशकाला ती येत नसेल तर आजीला किंवा मावशीला शेजारी बसवावं, मात्र त्रास घरातल्याच कोणाकडून झालेला नसेल याची खात्री करून.

दचकणं, चिकटून राहणं, झोपमोड हे पहिले काही आठवडे बहुतेक मुलांत दिसतं आणि हळूहळू कमी होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं, किंवा मूल बोलेनासं झालं, तर शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मुलावर अत्याचाराची शंका असेल तर थेट १०९८ हा बालमदत क्रमांक.